एकच रोप सगळ्यांच्या बांधावर कशाला?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या शेतीच्या पानावर जिवंत कुंपणावर मजकूर आला होता तो वाचला. विषय काढलात त्याबद्दल आधी थँक्यू, कारण इंदूरच्या मराठी माणसाकडे शेतीसुद्धा असते हे आता कोणाच्या लक्षातच येत नाही, सगळ्यांना वाटतं की आपण फक्त सराफ्यात खायला जातो आणि गणपतीत आरास बघत फिरतो. पण त्या मजकुराचा शेवट ‘चारी बाजूंनी करवंद लावा आणि निर्धास्त झोपा’ असा होता तो काही पटला नाही म्हणून हे पत्र. करवंदाशी माझं भांडण नाही हो, उलट करवंद मलाही आवडतं, पण कुंपणाचं झाड निवडणं म्हणजे मुलीला स्थळ बघण्यासारखं आहे, जे शेजारच्या घरी चांगलं ठरलं तेच आपल्याकडे चालेल असं नसतं.

आमची वडिलोपार्जित जमीन सांवेरकडे आहे, बटाईने दिलेली, आणि सासुरवाडीची थोडी सिमरोलच्या पुढे घाटाच्या तोंडाशी आहे. जिल्हा एकच, पाऊसही साधारण तोच, पण माती बघा. सांवेरला खोल काळी माती, पावसाळ्यात फुगते, चिखल असा की चप्पल तिथेच राहते आणि पाय वर येतो, आणि मे महिन्यात तिलाच एवढ्या भेगा पडतात की हात आत जातो. तिथे सिमेंटचे खांब पुरा, तार ओढा, काही पावसाळे गेले की माती फुगून-आवळून खांब एकेक करून कलायला लागतात, आणि मग तार ढिली पडते. सिमरोलला हातभर खाली मुरूम, पाणी थांबतच नाही. आता या दोन्ही जागी एकच रोप लावा म्हणणारा माणूस बहुतेक गच्चीवरच्या कुंडीतून शेती करत असावा.

थोरचंच घ्या. घाट उतरून निमाडात गेलात की बांधावर थोर उभा दिसतो, त्याला पाणी नको, खत नको, कोणी तोंड लावत नाही, फांदी तोडा, आठवडाभर सावलीत टाकून कापलेलं तोंड सुकू द्या आणि खोचून द्या, झालं. मुरमाड, खडकाळ जमिनीत याच्यासारखं दुसरं काही नाही. पण तोच थोर काळ्या मातीत सपाटीवर लावला की श्रावणात बुडाशी पाणी साचतं आणि तो खालून सडतो, वरून हिरवा दिसतो आणि एक दिवस ढकललं की आडवा. घायपाताचंही तेच, त्यालाही पाय ओले आवडत नाहीत. काळ्या मातीत हे लावायचेच असतील तर आधी चर खणून त्याची माती एका बाजूला टाकून पाळ करा आणि पाळीवर लावा, म्हणजे पाणी चरातून निघून जातं आणि चर आहे म्हटल्यावर जनावरालाही एक अडथळा होतो.

मातीच्याही आधी एक प्रश्न आहे जो तुमच्या मजकुरात कुठेच नव्हता, की बाबा तुला अडवायचं कोणाला आहे? रोजड्याला (नीलगायीला इकडे सगळे रोजडाच म्हणतात), डुकराला, गावातल्या मोकाट गाईंना, शेळ्यांना, का माणसाला? प्रत्येकाचं कुंपण वेगळं. रोजडा चांगला घोड्याएवढा असतो, मनात आणलं तर पुरुषभर उंचीची तारसुद्धा टपतो, पण त्याला उगीच उड्या मारायची हौस नसते, तो आधी फट शोधतो आणि रोज त्याच वाटेने येतो. त्याची लेंडीसुद्धा एकाच जागी ढीग करून पडलेली असते, तो ढीग कुठे आहे आणि तिथून पायवाट कुठे जाते हे बघितलं तरी कुंपण कुठून सुरू करायचं ते कळतं. रोजड्यासाठी उंचीपेक्षा जाडी जास्त कामाची, म्हणजे एक ओळ नाही, दोन ओळी, एकीच्या फटीसमोर दुसरीचं रोप येईल अशा लावलेल्या, मधे हात घालता येऊ नये अशी दाट. डुकराला वर काय आहे त्याच्याशी काही देणंघेणं नसतं, तो जमिनीलगत नाक घालून घुसतो, म्हणून तिथे बुडापासून गच्च पाहिजे. सांवेरला आमच्या बटाईदाराने एकदा मला दाखवलं, वरून एवढी सुंदर मेंदीची भिंत की फोटो काढावा, आणि खाली वाकून बघितलं तर टीचभर उंचीवर नुसते दांडे, पान एक नाही, आणि एका जागी दांड्यांना चिखल लिंपलेला आणि त्यात काळे राठ केस अडकलेले. मेंदी न छाटता वाढू दिली की ती अशीच खालून उघडी पडते.

आणि शेळी. शेळीला काटा वगैरे काही कळत नाही, करवंदाचा काटा टणक, जोडीने येणारा आणि कधी टोकाला दुभंगलेला असतो हे खरं, पण तो टणक होतो नंतर. पहिल्या वर्षी कोवळ्या शेंड्याचा काटा हिरवा आणि मऊच असतो आणि शेळी तो भाजीसारखा खाते. म्हणजे ज्या करवंदाने शेताची राखण करायची त्याचीच आधी दोन-तीन वर्षं राखण करावी लागते, ही गोष्ट कोणी सांगत नाही आणि लोक दुसऱ्या वर्षी वैतागून सोडून देतात.

यावरचा उपाय आपल्या जुन्या लोकांना माहीत होता. बाभळीच्या, बोरीच्या काट्यांची वाळलेली बागड बाहेरून घालायची आणि तिच्या आतल्या अंगाला रोपं लावायची. बागड वाळवी खाते, मोडते, पण ती मोडेपर्यंत आतलं कुंपण उभं राहतं. नुसत्या बागडीवर राहिलात तर दरवर्षी काटे तोडून आणा, हात सोलून घ्या आणि परत पुढच्या वर्षी तेच.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्या भागातलीच आहे आणि शाळेत कोणी शिकवत नाही. इंग्रजांनी मिठावरचा कर चुकवून कोणी मीठ इकडून तिकडे नेऊ नये म्हणून देशाच्या मधोमध एक चौक्यांची लाइन टाकली होती, १८६९ च्या सुमाराला ती सिंधूपासून ओरिसापर्यंत साधारण २,३०० मैल झाली होती, आणि तिच्या मोठ्या भागावर काटेरी कुंपण होतं जे पंजाबातून खाली आपल्या बुऱ्हाणपूरपर्यंत यायचं. सुरुवातीला ते सगळं वाळलेल्या काट्यांचं, आपल्या बागडीसारखंच. एका मैलाला सुमारे २५० टन काटे वाहून आणावे लागत आणि मग वाळवी, उंदीर, आग, वादळ, सगळे मिळून ते संपवायचे, की परत आणा. तेव्हा तिथला कमिशनर होता ॲलन ह्यूम, हाच तो ज्याने पुढे १८८५ मध्ये काँग्रेस काढायला हात लावला. त्याने हिशोब केला की हे परवडत नाही, जिवंतच कुंपण लावू. आणि त्याने काय केलं बघा, एक रोप ठरवून सगळीकडे वाटलं नाही. वेगवेगळ्या माती-पावसात कोणतं झाड टिकतं ते लावून बघितलं, कुठे बोर, कुठे बाभूळ, कुठे करवंद, कुठे थोर, आणि जिथे काहीच येईना तिथे निवडुंग. जमीन खराब असेल तिथे चर खणून, पाळ घालून, चांगली माती बाहेरून आणून लावलं. १८७८ पर्यंत चांगलं जिवंत कुंपण ४०० मैलांच्या वर तयार झालं होतं, चांगल्या जागी बारा फूट उंच आणि चौदा फूट जाड. १८७९ मध्ये ती लाइनच बंद झाली आणि कुंपण गेलं, आणि जायलाच पाहिजे होतं, गरिबाच्या मिठाआड घातलेलं कुंपण ते, त्याचं कौतुक मी करत नाहीये. पण दीडशे वर्षांपूर्वी एका इंग्रज अधिकाऱ्याला जे कळलं ते आज आपल्या योजनावाल्यांना का कळू नये?

योजनावाल्यांचं सांगतो. मागे आमच्या तिकडे एका खात्याच्या टेम्पोतून रोपं आली, खात्याचं नाव घेत नाही, सगळ्या गावाला एकच जात, रतनजोत, म्हणजे मोगली एरंड. २००३ च्या आसपास बायोडिझेलचा जो गाजावाजा झाला त्यातलंच हे शेपूट असावं. आता रतनजोत वाईट नाही, फांदी लावली की लागते, गुरं खात नाहीत, पण तिला काटा नाही, उन्हाळ्याआधी पानं गाळून नुसत्या काठ्या उभ्या राहतात, म्हणजे ऐन हरभरा-गव्हाच्या दिवसात कुंपण विरळ. आणि बिया विषारी, शेंगदाण्यासारख्या गोड लागतात म्हणून मुलं खातात आणि मग उलट्या-जुलाब सुरू. शाळेच्या वाटेवरच्या बांधावर तर ती लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण फुकट आलंय म्हणून सगळ्यांनी खोचलं आणि आता कोणी तिच्याकडे बघत नाही.

यापेक्षा वाईट म्हणजे बेशरम. नाव ठेवणाऱ्याला शंभर मार्क. कुठेही फेका, लागते, पाण्यात तर जास्तच, म्हणून आळशी माणसाचं लाडकं कुंपण, आणि मग ती बांध सोडून नाल्यात उतरते, नाला तुंबतो, पाणी शेतात. शेळ्यांनी सारखी खाल्ली तर त्यांना लागते, लटपटायला लागतात. घाणेरी तर १८०९ मध्ये कलकत्त्याच्या बागेत शोभेचं झाड म्हणून आणली होती, लोकांनी हौसेने कुंपणाला लावली आणि आता चोरलच्या जंगलात जाऊन बघा, खाली गवताला जागा नाही. वेडी बाभूळ कच्छच्या बन्नीत १९६० च्या सुमाराला रण पुढे सरकू नये म्हणून लावली, तिच्या शेंगा गुरं खातात, बी शेणातून पुढे जातं, आणि देशातलं एवढं मोठं गवताळ रान तिने गिळलं. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हेच. ही तीन झाडं कोणी फुकट दिली, वर पैसे दिले तरी बांधावर येऊ देऊ नका, आणि आपल्या पेपरनेही ‘झटपट वाढणारं कुंपण’ अशा मथळ्याखाली यांचे फोटो छापू नयेत ही विनंती.

मग लावायचं काय? मला विचाराल तर सांवेर-देपालपूरच्या काळ्या मातीत पाळीवर आतल्या ओळीत करवंद दोन-दोन फुटांवर आणि बाहेरच्या ओळीत निर्गुडी नाहीतर अडुळसा. या दोघांना काटा नाही, पण जनावर तोंड लावत नाही, फांदीवर येतात, वर्षात दाट होतात, आणि त्यांच्या आडोशाला करवंद सावकाश वाढतं. डुकराची वाट असेल तिथे सागरगोटा. जुन्या बायकांना विचारा, गजगे खेळायच्या ना ते गजगे म्हणजे याचंच बी, राखाडी गुळगुळीत. त्याच्या वेलीला आकड्यासारखे उलटे काटे असतात, एकदा अडकलं की मागे सरकूनच सुटावं लागतं, खिंडार बुजवायला याच्यासारखं काही नाही. फक्त ते बी दगडावर घासून, रात्रभर पाण्यात ठेवून मग लावा, नुसतं पुरलं तर कधी उगवेल सांगता येत नाही. आणि सगळ्या बांधावर सागरगोटा लावू नका, तो पसरतो, मग तुम्हालाच शेतात शिरता येणार नाही.

सिमरोल-महूच्या मुरमाड जागी बाहेर थोर, आत करवंद. नाल्याच्या काठाला जागा असेल तर कटंग बांबू, पण त्याची सावली आणि मुळं दोन्ही पसरतात, दोन-तीन बिघेवाल्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. विलायती चिंच (इकडे जंगल जलेबी) छाटत राहिलं तर काटेरी भिंत होते आणि नाही छाटलं तर झाड होतं, मग शेजाऱ्याच्या गव्हावर सावली आणि तुमच्या दारात शेजारी.

ज्यांना तार ओढायचीच आहे त्यांच्यासाठी, सिमेंटच्या खांबाऐवजी गिरीपुष्पाचे मनगटाएवढे जाड दांडे पावसाच्या तोंडावर पुरून बघा. ते मुळं धरतात, काळ्या मातीने हलवले तरी मुळं पकडून ठेवतात, आणि वरचा पाला छाटून शेतात टाकला तर नत्राचं खत फुकट. तार मात्र खोडाला गुंडाळून आवळू नका, खोड जाड होतं तशी साल तार गिळते आणि वरचं झाड वाळतं. जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा मधे घालून ढिलं बांधा, वर्षातून एकदा सोडून परत बांधा. आणि छाटणीच्या कचऱ्याचं काय करायचं असं इंदूरकराने विचारू नये! अल्बर्ट हॉवर्डने १९२४ पासून इथेच, आताच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेत बसून पाला, काडी, शेण, माती यांचे थर देऊन कंपोस्ट करायची पद्धत बसवली, जगभर तिला इंदूर पद्धत म्हणतात, आणि आपण बांधावरचा पाला पेटवून देतो.

छाटणीचं तेवढं मनावर घ्या. लोकांना झाड उंच झालेलं बघायला आवडतं, फूटभर वाढलं की शेंडा कापायला सांगितलं तर जीव वर-खाली होतो, पण पहिल्याच वर्षी शेंडा मारला नाही तर बुडाला फुटवा येत नाही आणि मग ती मेंदीसारखी गत होते. पहिली दोन वर्षं वर जाऊ द्यायचं नाही, आडवं वाढवायचं.

अजून एक, जे शेतीच्या पानावर कधीच येत नाही. आधी तहसीलला अर्ज देऊन सीमांकन करून घ्या. तार आज काढून उद्या हातभर सरकवता येते, करवंद सरकत नाही. आमच्या गावात दोन सख्ख्या चुलतभावांनी कुंपण लावलं, चौथ्या वर्षी मोजणी झाली तेव्हा निघालं की कुंपण एकाच्या जमिनीत हात-दीड हात आत आहे, आता तो म्हणतो उपट आणि हा म्हणतो तूच उपट, आणि दोघांच्या मधे करवंदं मस्त लागलीत, ती मुलं तोडून नेतात.

हो, करवंदाचं उत्पन्न विसरलो नाही. जुलै-ऑगस्टला हिरवी करवंदं लोणच्याला जातात आणि केकवर, पानावर ती लाल-लाल ‘चेरी’ मिळते ना, ती बहुतेक वेळा पाकात रंगवलेलं करवंदच असतं. पण त्याने श्रीमंत व्हाल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, काट्यातून तोडायची मजुरी कोण देणार. घरचं लोणचं झालं, चार शेजाऱ्यांना वाटलं, एवढं धरून चाला.

शेवटी नर्सरीवाल्यांबद्दल, सरकारी काय आणि खाजगी काय. करवंदाचं बी फळातून काढल्यावर लवकर लावावं लागतं, ठेवलं की उगवण जाते. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात पिकलेल्या फळाचं बी लगेच पिशवीत गेलं पाहिजे, तर पुढच्या जूनला हाताएवढं रोप शेतकऱ्याला मिळेल. आमच्याकडे रोपं येतात भाद्रपदात, पाऊस संपताना, टीचभर, आणि ती कार्तिकात वाळतात, मग रिपोर्टात लिहितात की शेतकऱ्याने काळजी घेतली नाही. कोणाचं ऐकणं होत असेल तर आपल्या पेपरने एवढं तरी लावून धरावं की रोपं पहिल्या पावसाला मिळावीत, आणि ज्या गावची जशी माती तशी दोन-चार जातींची मिळावीत. आणि देवास, धार, उज्जैनकडचे जे वाचक आहेत त्यांनीही आपापल्या बांधावर काय टिकलं आणि काय गेलं ते कळवावं, माझं ज्ञान या दोन बांधांपुरतंच आहे.

आपला एक जुना वाचक,
सुदामानगर, इंदूर

ता. क. – थोर तोडायचा असेल तर डोळ्याला चष्मा आणि अंगात पूर्ण बाहीचा शर्ट घाला आणि मुलांना लांब ठेवा. त्याचा चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते आणि काही दिवस दिसायचंही बंद होऊ शकतं. चोळत बसू नका, भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुवा आणि सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. हे वर लिहायचं राहिलं, जागा कमी असेल तर माझं बाकीचं काही कापा पण हे छापा.